कनिष्ठ माध्यमिक वर्गांच्या विज्ञान शिक्षकांचे प्रशिक्षण कसे आखावे आणि कसे घ्यावे

साधारण 11 ते 14 वर्षे वयाच्या मुलांच्या वर्गात विज्ञान हा स्वतंत्र विषय म्हणून आकार घेऊ लागतो. त्याआधीच्या वर्षांत मुले मुख्यतः परिसराची ओळख करून घेत असतात. या वर्गांत मात्र त्यांना विद्युतधारा, हवेचा दाब, पेशी, अणू, प्रकाशसंश्लेषण अशा डोळ्यांना थेट न दिसणाऱ्या गोष्टींविषयी विचार करावा लागतो. त्यांना शिकवणारे शिक्षक बहुधा विज्ञानाच्या एकाच शाखेचे पदवीधर असतात आणि तरीही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या तिन्हींची जबाबदारी त्यांच्यावर येते. वनस्पतिशास्त्र शिकून आलेल्या शिक्षकाला विद्युत परिपथ शिकवताना वाटणारी अस्वस्थता अगदी स्वाभाविक आहे, आणि प्रशिक्षणाने सर्वप्रथम तिची दखल घ्यायला हवी. पुढील मार्गदर्शन अशी प्रशिक्षणे आखणाऱ्या आणि घेणाऱ्या साधनव्यक्तींसाठी, अध्यापक महाविद्यालयांतील प्राध्यापकांसाठी आणि आपल्याच शाळेत हे काम हाती घेऊ इच्छिणाऱ्या मुख्याध्यापकांसाठी आहे.

ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी 1986 मध्ये एक मुद्दा स्पष्टपणे मांडला. विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे सर्वसाधारण कौशल्य यांच्याखेरीज शिक्षकाला तिसऱ्या एका ज्ञानाची गरज असते: अमुक घटक शिकताना मुले नेमकी कुठे अडतात, तो कोणत्या उदाहरणाने उलगडतो आणि कोणत्या उदाहरणाने उलट गोंधळ वाढतो, याचे ज्ञान. हे ज्ञान व्याख्यानातून सहसा मिळत नाही. ते मिळवण्यासाठी शिक्षकाला एखादा घटक आधी स्वतः शिकणाऱ्याच्या जागेवर बसून अनुभवावा लागतो, मग तो मुलांना शिकवून पाहावा लागतो आणि त्यानंतर सहकाऱ्यांसोबत त्यावर विचार करावा लागतो. प्रशिक्षणाची सगळी आखणी या तीन पायऱ्यांभोवती करावी, असे माझे ठाम मत आहे.

आखणीपूर्वीची तयारी

प्रशिक्षणाचा विषय कार्यालयात बसून ठरवू नये. ज्या शिक्षकांचे प्रशिक्षण घ्यायचे आहे त्यांच्यापैकी काहींच्या वर्गांत जाऊन एकेक तास शांतपणे बसावे, मुलांच्या वह्या आणि सोडवलेल्या उत्तरपत्रिका पाहाव्यात आणि मुलांना चार-पाच साधे प्रश्न विचारावेत. पाण्यात साखर विरघळल्यावर एकूण वजन वाढते, घटते की तेवढेच राहते? बी रुजून मोठे झाड होते तेव्हा त्याचे लाकूड बनवणारा पदार्थ येतो कुठून? उकळत्या पाण्यातून वर येणाऱ्या बुडबुड्यांत काय असते? या प्रश्नांची उत्तरे एका शब्दाची न घेता कारणासह लिहून घ्यावीत. ‘विरघळलेली साखर नाहीशी झाली’, ‘झाड मातीपासून बनते’, ‘बुडबुड्यांत हवा असते’ अशी उत्तरे मोठ्या संख्येने मिळतील, आणि तीच प्रशिक्षणाची कच्ची सामग्री ठरते. इंग्लंडमधील रोझलिंड ड्रायव्हर यांच्यासारख्या संशोधकांनी 1970 आणि 1980 च्या दशकांत दाखवून दिले की मुले वर्गात येताना निसर्गाविषयीच्या स्वतःच्या, बऱ्यापैकी सुसंगत कल्पना घेऊन येतात, आणि नुसते योग्य उत्तर सांगितल्याने त्या कल्पना जात नाहीत.

हेच प्रश्न प्रशिक्षणाच्या आरंभी शिक्षकांनाही द्यावेत, पण नाव न लिहिता उत्तरे देण्याच्या अटीवर. त्यातील काही समजुती शिक्षकांच्या उत्तरांतही आढळतील आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट यांनी सुमारे 200 पौंड कोरड्या मातीत 5 पौंडांचे विलोचे रोप लावून पाच वर्षे त्याला केवळ पाणी दिले. झाडाचे वजन 169 पौंडांच्या वर गेले आणि माती जेमतेम दोन औंसांनी घटली. त्यावरून झाड मातीपासून बनत नाही हे त्यांनी अचूक ओळखले, पण ते संपूर्णपणे पाण्यापासून बनते असा निष्कर्ष काढला. हवेतील कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्यांच्या लक्षात येणे शक्य नव्हते. हा प्रयोग शिक्षकांपुढे मांडून ‘त्यांनी काय बरोबर केले आणि कोणती शक्यता तपासायची राहिली?’ असे विचारले की गटात मोकळेपणा येतो, कारण विचारपूर्वक काम करणारा माणूसही अपुऱ्या पुराव्यावरून चुकीच्या निष्कर्षाला पोहोचू शकतो हे सर्वांना दिसते.

घटक निवडताना मोह आवरावा. पाच दिवसांत संपूर्ण पाठ्यक्रम ‘उरकण्याचा’ आग्रह धरणारी प्रशिक्षणे माहितीची उजळणी ठरतात. पाच दिवसांसाठी फार तर तीन घटक घ्यावेत आणि प्रत्येकाला खोलवर जाण्याएवढा वेळ द्यावा. एका तुकडीत 30 पेक्षा अधिक शिक्षक नसावेत, चौघांचे गट करावेत आणि दोन साधनव्यक्ती असाव्यात, जेणेकरून एक जण सत्र चालवत असताना दुसरा गटांमधील बोलणे ऐकून टिपू शकेल.

एक सत्र तपशिलात: घट, दिवा आणि एकच तार

हे सत्र सुमारे अडीच तासांचे आहे. इतर सत्रे कशी रचावीत याचा अंदाज यावा म्हणून ते सविस्तर सांगतो.

प्रत्येक शिक्षकाला 1.5 व्होल्टचा एक घट, विजेरीतला तंतूचा एक छोटा दिवा आणि दोन्ही टोके सोललेली एकच तार द्यावी. दिवा तंतूचाच असावा, कारण एलईडी एका घटावर बहुधा पेटत नाही आणि त्याची टोके उलट जोडली तर मुळीच पेटत नाही; तसे झाल्यास सत्राचा रोख भरकटतो. साहित्य हातात देण्यापूर्वी प्रत्येकाला कागदावर आकृती काढायला सांगावी: एवढ्याच साहित्यात दिवा कसा पेटेल? अनेक आकृत्यांत घटाच्या एका टोकापासून निघालेली तार दिव्याच्या बुडाला टेकलेली असेल आणि परतीचा मार्ग नसेल. काहींनी दिव्याच्या एकाच बिंदूला दोन्ही बाजूंनी जोडलेले असेल. आकृती पूर्ण झाल्याशिवाय साहित्याला हात लावू देऊ नये, कारण एकदा दिवा पेटला की आपल्याला आधी काय वाटत होते हे माणूस विसरतो.

मग साहित्य द्यावे आणि किती वेगवेगळ्या प्रकारे दिवा पेटतो ते शोधायला सांगावे. एकूण चार मांडण्या शक्य आहेत: दिव्याचे टोक किंवा त्याची बाजू घटाच्या धन अथवा ऋण टोकाला टेकवायची आणि तारेने उरलेले दोन संपर्कबिंदू जोडायचे. तारेने घटाची दोन्ही टोके थेट जोडली गेल्यास तार तापते, तेव्हा चटकन सोडावी, हे आधीच सांगून ठेवावे. चारही मांडण्या सापडल्यावर दिव्याच्या आत तंतूची दोन टोके कुठे जोडलेली असतील याचा तर्क गटांनी मांडावा आणि नंतर एक पारदर्शक दिवा भिंगाखाली पाहून तो पडताळावा. साधनव्यक्तीने या टप्प्यावर ‘बंद परिपथ’ हा शब्दसुद्धा उच्चारू नये. अनुभव आधी आणि संज्ञा नंतर, हा क्रम उलटला की शिक्षक तोच उलटा क्रम वर्गात नेतात.

सत्राचा खरा गाभा यानंतर येतो. दोन दिवे एकसरीत जोडून विचारावे: दोन्ही सारखेच उजळतील का? न्यूझीलंडमधील रॉजर ऑस्बोर्न यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी मुलांच्या विद्युतधारेविषयीच्या कल्पनांचा अभ्यास केला, तेव्हा त्यात काही ठरावीक नमुने आढळले. काही मुलांना एकच तार पुरेशी वाटते, काहींच्या मते दोन टोकांकडून दोन धारा येऊन दिव्यात एकमेकींवर आदळतात, आणि बऱ्याच जणांना वाटते की धारा दिव्यात ‘खर्च होते’, म्हणून परतताना ती कमी असते. हा शेवटचा समज सर्वांत चिवट आहे, आणि शिक्षकांच्या गटातही तो हमखास बोलून दाखवला जातो. त्यामुळे प्रत्येकाने आपले भाकीत कारणासह लिहावे, शेजाऱ्याला ते पटवून द्यावे आणि मग परिपथ जोडावा. भाकीत, निरीक्षण आणि स्पष्टीकरण या तीन पायऱ्यांची ही पद्धत रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टोन यांनी विज्ञान शिक्षणात रूढ केली.

इथे एका व्यावहारिक अडचणीसाठी तयार राहावे लागते. एकाच डब्यातले दोन दिवेसुद्धा नेमके सारखे नसतात. एक थोडा अधिक उजळतो आणि तो योगायोगाने घटाच्या धन टोकाजवळ असला तर ‘पहिल्या दिव्याने जास्त धारा खाल्ली’ हा समज पक्का होतो. उत्तर सांगून टाकण्याऐवजी दिव्यांची अदलाबदल करायला सांगावी. तोच दिवा दुसऱ्या जागेवरही तेवढाच उजळ राहिला तर फरक जागेमुळे नसून दिव्यामुळे आहे, हे गटालाच उमगते. त्यानंतर अमीटर पहिल्या दिव्याच्या आधी, दोन दिव्यांच्या मध्ये आणि दुसऱ्या दिव्यानंतर असा तीन ठिकाणी जोडून वाचन घ्यावे. तिन्ही वाचने सारखी आल्यावर एखादा शिक्षक नक्की विचारेल की मग घट संपतो कशाने. या प्रश्नाची साधनव्यक्तीने वाट पाहावी, कारण धारा आणि ऊर्जा यांतील भेद त्यातूनच समजावता येतो: परिपथात धारा तेवढीच राहते, पण घटात साठलेली रासायनिक ऊर्जा दिव्यातून प्रकाश आणि उष्णतेच्या रूपात बाहेर पडत राहते.

शेवटची चाळीस मिनिटे राखून ठेवावीत. त्या वेळात शिक्षक पुन्हा शिक्षकाच्या भूमिकेत येतात आणि आपण नुकतेच जे शिकलो ते कसे शिकलो याचा मागोवा घेतात. कोणत्या क्षणी आपली कल्पना डळमळली? साधनव्यक्तीने कोणता प्रश्न विचारला आणि कोणते उत्तर मुद्दाम दिले नाही? पन्नास मुलांच्या वर्गात आणि दहाच घट असताना हे कसे करता येईल? हा भाग गाळला की सत्र मजेदार ठरते, पण शाळेत परतल्यावर त्याचा उपयोग होत नाही.

छापील स्पष्टीकरणही तपासायला शिकवावे

कनिष्ठ माध्यमिक वर्गांत वर्षानुवर्षे दाखवल्या जाणाऱ्या काही प्रयोगांची प्रचलित स्पष्टीकरणे सदोष आहेत. पाण्याच्या ताटलीत जळती मेणबत्ती उभी करून तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घालायचा हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात वर चढते, आणि ‘हवेतला एक-पंचमांश ऑक्सिजन वापरला गेला, म्हणून पाणी तेवढे चढले’ असे सांगितले जाते. शिक्षकांना हाच प्रयोग आधी एका मेणबत्तीने आणि मग तीन मेणबत्त्यांनी करायला द्यावा आणि पाणी नेमके कधी चढते ते बारकाईने पाहायला सांगावे. मेणबत्ती जळत असताना पाणी फारसे चढत नाही; ती विझताच झपाट्याने चढते. मेणबत्त्या वाढवल्या की ऑक्सिजन तेवढाच असूनही पाणी अधिक चढते. ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर पडलेलेही दिसू शकतात.

यावरून शिक्षक स्वतःच मुख्य कारणापर्यंत पोहोचतात. ज्योतीजवळची हवा तापून प्रसरण पावते आणि तिचा काही भाग ग्लास टेकण्यापूर्वी किंवा बुडबुड्यांच्या रूपाने निसटतो; ज्योत विझल्यावर आतली हवा थंड होऊन तिचा दाब उतरतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. शिवाय ज्वलनात कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि ऑक्सिजन पूर्ण संपण्याआधीच मेणबत्ती विझते, त्यामुळे एक-पंचमांशाचा हिशेब जुळला तरी तो योगायोग असतो. अशा एका सत्राचा परिणाम त्या प्रयोगापुरता राहत नाही. छापलेले विधान तपासून पाहण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे एकदा अनुभवलेला शिक्षक मुलांच्या शंकांकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

प्रश्न विचारण्याचा आणि थांबण्याचा सराव

मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतील ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, असे त्यांना आढळले. हा वेळ तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केला की मुलांची उत्तरे लांबतात, त्यांत कारणे येऊ लागतात, एरवी गप्प असणारी मुले बोलतात आणि मुले एकमेकांच्या म्हणण्यावर प्रतिक्रिया देऊ लागतात. प्रशिक्षणात हे नुसते सांगून चालत नाही. शिक्षकांनी आपलाच दहा मिनिटांचा पाठ मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा आणि घड्याळ लावून ऐकावा. प्रत्येक प्रश्नानंतरची शांतता किती टिकली हे मोजल्यावर होणारी जाणीव कोणत्याही सूचनेपेक्षा परिणामकारक असते. उत्तर मिळताच ‘शाब्बास’ म्हणण्याऐवजी ‘तुला असे का वाटते?’ किंवा ‘याच्याशी कोण सहमत नाही?’ असे विचारण्याचा सरावही याच वेळी करून घ्यावा.

त्यानंतर पाठाचा सराव येतो. सूक्ष्म अध्यापनाची पद्धत 1960 च्या दशकाच्या आरंभी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाली आणि शिक्षक-शिक्षणात सर्वत्र पसरली. पाच ते दहा मिनिटांचा पाठ, मोजके विद्यार्थी आणि एका वेळी एकच कौशल्य, ही तिची रचना आजही उपयुक्त आहे. मात्र विद्यार्थ्यांच्या भूमिकेत सहकारी शिक्षकच बसवले की तिचा कस जातो, कारण मोठी माणसे शिक्षकाला सोयीची उत्तरे देतात. प्रशिक्षणाचे ठिकाण एखाद्या चालू शाळेच्या आवारात ठेवावे आणि चौथ्या दिवशी प्रत्येक गटाने आठ-दहा खऱ्या मुलांना अर्ध्या तासाचा पाठ द्यावा. एक जण शिकवेल आणि बाकीचे तिघे प्रत्येकी दोन-तीन मुलांचेच निरीक्षण करतील: ती काय बोलली, त्यांनी हाताने काय केले, कुठे गोंधळली. चर्चेत शिकवणाऱ्याच्या आवाजाविषयी आणि फळ्यावरील अक्षराविषयी बोलणे टाळावे. मुलांच्या विचाराचा कोणता पुरावा मिळाला, एवढेच बोलावे. पाचव्या दिवशी तोच पाठ सुधारून दुसऱ्या मुलांना द्यावा. ही पुनरावृत्ती वेळखाऊ वाटते, पण पाठात एखादा बदल केल्याने मुलांच्या प्रतिसादात काय फरक पडतो हे शिक्षकाला एवढ्या थोड्या अवधीत दुसऱ्या कोणत्याही मार्गाने दिसणार नाही.

साहित्याबाबत एवढेच सांगावेसे वाटते की प्रशिक्षणात वापरलेले साहित्य शाळेत मिळेल असेच असावे, आणि शक्य असेल तर प्रत्येक शिक्षकाने स्वतः तयार केलेला संच सोबत घेऊन परत जावे.

सुरक्षेचे नियम मात्र वेगळ्या व्याख्यानात न कोंबता त्या त्या प्रयोगातच पाळून दाखवावेत. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. स्पिरिटचा दिवा पेटलेला असताना त्यात स्पिरिट भरायचे नाही. परिपथाच्या प्रयोगांसाठी केवळ घट वापरायचे, भिंतीवरील खटक्याची वीज कदापि नाही. भिंगातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे पाहायचे नाही. आणि रसायनांजवळ काम करताना साधनव्यक्तीनेही संरक्षक चष्मा लावायचा.

मूल्यमापनाचे प्रश्न

वर्गात प्रयोग झाले आणि परीक्षेत मात्र व्याख्याच विचारल्या, तर मुले आणि पालक दोघेही व्याख्याच महत्त्वाच्या मानतात. म्हणून अर्धा दिवस प्रश्न तयार करण्यासाठी ठेवावा. ‘विद्युत परिपथ म्हणजे काय?’ या प्रश्नाशेजारी, तीन आकृत्या देऊन कोणता दिवा पेटणार नाही आणि का, असा प्रश्न ठेवावा आणि दोन्हींना मिळणाऱ्या उत्तरांवरून मुलाच्या समजेविषयी काय कळते याची तुलना करावी. बहुपर्यायी प्रश्नातील चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या समजुतींमधून घ्यावेत. मग चुकलेले उत्तरही शिक्षकाला पुढे काय शिकवायचे ते सांगते.

प्रशिक्षण संपल्यानंतरचे वर्ष

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी केलेल्या मांडणीचा आशय असा की सिद्धांत, प्रात्यक्षिक आणि सराव मिळूनही नवे कौशल्य वर्गात रुजण्यासाठी तिथे जाऊन सोबत करणाऱ्या सहकाऱ्याची गरज भासते. म्हणून आखणी करतानाच निधी आणि वेळ यांचा निम्मा वाटा पाच दिवसांनंतरच्या कामासाठी बाजूला काढावा, असे मी आग्रहाने सांगेन. पहिल्या सहा आठवड्यांत साधनव्यक्तीने प्रत्येक शिक्षकाच्या वर्गाला एकदा तरी भेट द्यावी. ती तपासणी नसावी. कोणताही शेरा वरिष्ठांकडे जाणार नाही हे आधीच स्पष्ट करावे, पाठाचे नियोजन शिक्षकासोबत बसून करावे आणि गरज पडल्यास प्रयोगाच्या वेळी एखाद्या गटाजवळ स्वतः उभे राहावे.

जवळच्या शाळांतील शिक्षकांची मासिक बैठक हा पाठपुराव्याचा दुसरा आधार. मध्य प्रदेशात 1972 मध्ये 16 शाळांपासून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षकांच्या नियमित बैठका आणि शाळाभेटी हे प्रशिक्षणाचे अविभाज्य अंग होते, आणि 2002 मध्ये तो बंद होईपर्यंत शेकडो शाळांतील शिक्षक त्यातून घडले. जपानमधील ‘जुग्यो केन्क्यू’ या पद्धतीत शिक्षक मिळून एकाच पाठाची बारकाईने आखणी करतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहतात आणि मग सारे मिळून पाठ सुधारतात. मासिक बैठकीला हाच साचा द्यावा. परिपत्रके वाचून दाखवण्यासाठी तिचा वापर होऊ लागला की शिक्षक येणे थांबवतात, म्हणून प्रशासकीय कामांना त्या दिवशी पूर्ण मज्जाव असावा. प्रत्येकाने मुलांच्या हस्ताक्षरातील चार-पाच उत्तरे सोबत आणावीत आणि बैठकीची सुरुवात त्यांच्या वाचनाने व्हावी.

प्रशिक्षण कितपत साधले हे शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या अभिप्रायपत्रांवरून ठरवू नये. त्यांवर बहुतेक जण चांगलेच लिहितात. आखणीपूर्वी मुलांना विचारलेले साखर, झाड आणि बुडबुडे यांविषयीचे प्रश्न वर्षाअखेरीस त्याच शाळांतील त्या इयत्तेच्या मुलांना पुन्हा द्यावेत आणि दोन्ही वेळच्या कारणांची तुलना शिक्षकांसोबत बसून करावी. ज्या घटकात मुलांची कारणे बदललेली दिसत नाहीत, तो घटक पुढील वर्षाच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी घ्यावा आणि त्याचे सत्र नव्याने रचताना त्या वर्गांतील शिक्षकांपैकी दोघा-तिघांना साधनव्यक्ती म्हणून सोबत घ्यावे.